घरात पाच जण, टीव्ही एकच: पीएस ५, एक्सबॉक्स की स्विच २?

निशिगंध
शनिवार, १७ जानेवारी २०२६, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी,

पाककृती आणि राजकारण सोडून इथे गेमिंगवर फारसे धागे निघत नाहीत, पण या विषयातले जाणकार इथे दबा धरून बसलेले आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून विचारते.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. मी, नवरा, चिरंजीव (आठवी, वय १३), धाकटी (तिसरी) आणि साबा (सासूबाई). टीव्ही एकच, ४३ इंची, हॉलमध्ये. संध्याकाळी साडेसात ते दहा त्यावर साबांचा ताबा असतो आणि त्या विषयावर आमच्या घरात चर्चा होत नाही.

चिरंजीवांना सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन) हवाय. कारण एकच, जीटीए ६ हा गेम. आधी २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आता १९ नोव्हेंबर २०२६. दर वेळी तारीख पुढे गेली की घरात सुतक. "आत्ता घेतला तर नोव्हेंबरपर्यंत माझा हात बसेल" हा त्याचा युक्तिवाद. दहावीच्या अभ्यासाबद्दल इतक्या लांबचा विचार करताना मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

नवरा हॉस्टेलवर फिफा खेळायचा. त्याचंही मत पीएस ५, पण तो मुलाच्या आड लपून बोलतो. धाकटीने मैत्रिणीकडे मारिओ कार्ट पाहिलं तेव्हापासून तिला निंटेंडोचा स्विच हवाय. माझा दादा कॅनडात मिसिसॉगाला असतो, त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आहे. तो म्हणतो तुम्हीही तोच घ्या, म्हणजे भाचरांशी खेळता येईल. म्हणजे चार माणसं आणि तीन कंपन्या.

माझं म्हणाल तर मी जुन्या लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली खेळते. सगळे झोपले की कोबी लावते, कोंबड्यांना दाणे घालते. तेव्हा गेमचं मला वावडं नाही. "मुलांना मैदानावर पाठवा" असे प्रतिसाद येणार असतील तर धाकटी कबड्डीला जाते आणि चिरंजीव डोंबिवली जिमखान्यावर पोहायला. झालं?

बजेट साठ हजारांच्या आत, दुसरा रिमोट धरून.

मला खरं तर असं काही हवंय की रविवारी सकाळी आम्ही दोघं-चौघं एका सोफ्यावर बसून एकत्र खेळू. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात हेडफोन लावून बसणार असेल तर त्यासाठी घरात चार फोन आहेतच. येत्या वर्षात कुठले गेम कुठे येणार आहेत याच्या याद्या चिरंजीवांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवल्यात. त्या वाचून मी जिथे होते तिथेच आहे.

कुणी सांगेल का, काय बघून ठरवायचं?

तर्कटराव
शनिवार, १७ जानेवारी २०२६, रात्री ११:२१

कन्सोलच्या (टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या) भानगडीतच पडू नका. पीसी घ्या.

पीसीवर ऑनलाइन खेळायला वेगळं भाडं भरावं लागत नाही. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर पीएस प्लस लागतं, एक्सबॉक्सवर गेम पास. फोर्टनाइटसारखे फुकट गेम तेवढे त्यातून सुटलेत.

दुसरं म्हणजे स्टीम (पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) आणि त्यातलं स्टीम फॅमिलीज. सप्टेंबर २०२४ पासून हे सगळ्यांना खुलं झालं. सहा जणांपर्यंत एक कुटुंब करता येतं, एकाने घेतलेले गेम बाकीच्यांना दिसतात आणि एकाच वेळी दोघं जण वेगवेगळे गेम खेळू शकतात. मात्र एकच गेम दोघांना एकाच वेळी हवा असेल तर दोन प्रती लागतात. तुमच्या दादांना त्यात घेता येणार नाही, कुटुंब एका घरातलं आणि एकाच देशातलं लागतं. चिरंजीवांनी तुमच्या प्रतीवर चीटिंग करून बंदी ओढवून घेतली तर त्या गेमपुरती ती तुमच्यावरही येते. आणि मोठं माणूस एकदा कुटुंबात शिरलं की मधे बाहेर पडलं तरी शिरल्या दिवसापासून वर्षभर दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही. आपल्याकडचे घटस्फोट यापेक्षा सोपे असावेत.

जीटीए ६ फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस वर जाहीर झालाय, हे खरं. पण जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. थोडी कळ काढली की मिळतं.

निशिगंध
शनिवार, १७ जानेवारी २०२६, रात्री ११:३४

@तर्कटराव, घटस्फोटाचं वाचून नवरा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने हसला. काळजीत आहे.

पण साठ हजारांत मॉनिटर धरून बऱ्यापैकी गेमिंग पीसी होतो का हो? आणि तो ठेवायचा कुठे? आमच्याकडे टेबल एकच, त्याच्यावर एका बाजूला गणपतीचं मखर आणि दुसऱ्या बाजूला चिरंजीवांची पुस्तकं.

तर्कटराव
शनिवार, १७ जानेवारी २०२६, रात्री ११:५२

वर्षभरापूर्वी ओढूनताणून झाला असता. आता रॅमचे भाव ऐकवत नाहीत. एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळी मेमरी उचलतायत आणि तुमच्या-माझ्यासारख्याला उरलंसुरलं. नोव्हेंबरात स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीखाली ठेवायचा छोटा ठोकळा. पण त्यांचं हातात धरून खेळायचं स्टीम डेकसुद्धा भारतात कधी अधिकृतपणे विकलं गेलं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

मखराचा मुद्दा मान्य.

लाल_डबा
रविवार, १८ जानेवारी २०२६, रात्री १२:४०

काकू सरळ पीएस ५ घ्या. जीटीए ६ आला की घरातले सगळे तुमच्या पाया पडतील. विषय संपला.

निशिगंध
रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी ८:०५

@लाल_डबा, हा तुझ्या आयडीआडून आमचा चिरंजीव तर बोलत नाही ना? आणि काकू कोणाला म्हणतोस रे?

डावखुरा
रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी ९:१८

निशिगंधताई, मी पुण्यात बुधवार पेठेत कन्सोल दुरुस्त करतो आणि जुन्या डिस्कांची घेवाणदेवाण करतो. त्यामुळे लोक कशासाठी मशीन घेतात ते मला कळत नाही, पण घेतल्यावर काय होतं ते रोज दिसतं. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

गेमची यादी घेऊन दुकानात येणारा माणूस सहा महिन्यांनी मशीन विकायला येतो. म्हणून मी पहिलं विचारतो की टीव्ही किती आणि तो कोणाचा. तुमच्याकडे एक आहे आणि तो साबांचा. म्हणजे रोज संध्याकाळी जे मशीन टीव्हीशिवायही चालेल तेच चालणार, बाकीची रविवारपुरती. स्विचला स्वतःचा पडदा असतो, तिथे प्रश्न मिटला. पीएस ५ ला नसतो, पण रिमोट प्ले असतं. टीव्हीवर मालिका चालू राहू दे, पीएस ५ मागे चालू ठेवून त्याचं चित्र घरातल्याच वायफायवरून फोनवर किंवा तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपवर घेता येतं. त्याला एक पैसा लागत नाही. अट एकच, कन्सोलला राउटरपासून लॅनची केबल द्या. आठ मीटर केबल भिंतीच्या कडेने खिळे मारून नेली की काम होतं. दोन्ही टोकांना वायफाय ठेवलं तर चित्र अडखळतं आणि मग लोक मशीन खराब आहे म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. मी केबल देऊन परत पाठवतो. एक्सबॉक्सलाही ही सोय आहे.

दुसरं, येणारे गेम. चार-पाच वर्षांपूर्वी कुठला गेम कुठे येणार यावर मशीन ठरवणं बरोबर होतं. आता त्या भिंती पडल्यात. फोर्झा होरायझन ५ हा मायक्रोसॉफ्टचा घरचा गेम, तो एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आला. यंदा हेलो येतोय, हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड, आणि तोही पीएस ५ वर. हेलो म्हणजे एक्सबॉक्सचं कुलदैवत. शिवाय त्यात कन्सोलवर पडदा दुभागून दोघांना शेजारी बसून खेळता येणार आहे. पुढच्या महिन्यात २७ तारखेला रेसिडेंट ईव्हिल रिक्विएम येतोय, तो पीएस ५, एक्सबॉक्स, पीसी आणि स्विच २, चारही ठिकाणी एकाच दिवशी. (घरात तिसरीतली मुलगी आहे, हा लावू नका.) ज्यांना एकाच मशीनचा हट्ट आहे ते उरले दोन. सोनीचा वुल्व्हरिन पीएस ५ वर, आणि मारिओची सगळी बिरादरी निंटेंडोवर. मारिओ दुसरीकडे कुठे जाणार नाही, हे धाकटीला आत्ताच सांगून टाका.

तिसरं, सोफा. तुम्ही जे मागताय त्याला आमच्याकडे काउच को-ऑप म्हणतात आणि मोठ्या गाजणाऱ्या गेममध्ये ते क्वचित असतं. जीटीए ५ मध्ये एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नाही. एक खेळतो, बाकीचे "आता मला दे" करतात. सोफ्यावर खेळायचे गेम वेगळे. सॅकबॉय: अ बिग ॲडव्हेंचर, चौघं एका टीव्हीवर, धाकटी आणि साबा दोघींना झेपेल. ओव्हरकुक्ड, ज्यात चौघांनी मिळून हॉटेलचं किचन चालवायचं, कोणी चिरायचं, कोणी ताटल्या घासायच्या. त्यात असिस्ट मोड लावला की वेळ वाढवून मिळतो, नाहीतर रविवारचं जेवण अबोल्यात होईल. माइनक्राफ्ट कन्सोलवर चौघांत पडदा वाटून खेळता येतं. आणि यंदा लेगो बॅटमॅनचा नवा भाग येतोय, त्यात दोघांना शेजारी बसून खेळता येणार आहे.

तुम्ही दोघं नवरा-बायको रात्री खेळणार असाल तर इट टेक्स टू. हा एकट्याने खेळताच येत नाही, दुसरा माणूस लागतोच. २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला होता. गोष्ट काडीमोड घ्यायला निघालेल्या जोडप्याची आहे, वरचा विनोद वाचून सांगतो. मधे एक कापडी हत्तीण येते. तो प्रसंग धाकटीसमोर खेळू नका, एवढंच सांगतो, का ते विचारू नका.

आता हिशेब. पीएस ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये इथे आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० होती. अधूनमधून त्यावर पाच हजारांची सूट लागते, ती बघून घ्या. दुसरा रिमोट सहा हजारांच्या आसपास. सूट लागली तर साठात बसतं. डिजिटलवालं (ज्याला डिस्कची फट नसते ते) स्वस्त पडतं म्हणून लोक ते घेतात आणि मग प्रत्येक गेम ऑनलाइन दुकानातून पूर्ण भावात. नवा मोठा गेम पाच हजारांना पडतो. डिस्क असली की तोच गेम चार महिन्यांनी आमच्या गल्लीत निम्म्यात मिळतो आणि खेळून झाला की तीन-चारशे रुपये तोट्यात परत जातो. पोरांच्या घरात डिस्कच घ्या. स्लिमच्या डिजिटल मशीनला डिस्कचा ड्राइव्ह नंतर वेगळा जोडता येतो, पण मग वाचवलेले पैसे तिथेच जातात. एक्सबॉक्स सिरीज एस या सगळ्यांत स्वस्त, पण त्याला डिस्कची फटच नाही. ५१२ जीबीवाल्यात वापरायला साधारण ३६४ जीबी उरतात. तीन-चार मोठे गेम टाकले की हाउसफुल.

आणखी एक. कुणाकडे जुने पीएस ४ चे रिमोट पडले असतील तर मागून आणा. पीएस ५ च्या गेमना ते चालत नाहीत, पण पीएस ५ वर पीएस ४ ची आवृत्ती टाकली तर चालतात. सॅकबॉयची पीएस ४ ची डिस्क घेतली तर तिसरा-चौथा माणूस जुन्या रिमोटवर बसतो. बारा हजार वाचले.

शेवटचं, माझ्या धंद्यातलं. मशीन टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका. उबदार, अंधारी, न हलणारी जागा, म्हणजे झुरळांचं माहेरघर. मी उघडतो तेव्हा पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात आई-बाप-पोरं सगळे असतात आणि अंडी पंख्याच्या मागे. मागची एचडीएमआयची केबल सारखी काढ-घाल करू नका, सेट टॉप बॉक्सला टीव्हीवर वेगळं पोर्ट द्या. ते पोर्ट मोडलं की बोर्डावरून उतरवून नवं बसवावं लागतं. माझ्याकडे येणारी निम्मी कामं तीच.

वरणफळ
रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी ११:०२

डावखुरा यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवलाय. पण निष्कर्षाशी असहमत.

ताईंनी विचारलंय "एकत्र खेळायला काय". एकत्र म्हणजे साबाही. पीएस ५ च्या रिमोटवर पंधराएक बटणं आणि दोन दांड्या. माझ्या सासऱ्यांच्या हातात मी तो दिला होता, त्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितला आणि अदबीने टीपॉयवर ठेवला. स्विचवर मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये गाडी आपोआप पुढे जाते आणि रस्त्यावरून खाली पडू नये म्हणून स्वतःच वळते, अशी सोय चालू करता येते. रिमोट गाडीच्या चाकासारखा तिरका केला की बास. स्विच स्पोर्ट्समधलं बोलिंग तर हात मागे नेऊन सोडायचं, संपलं. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांनी स्ट्राइक मारला की ते शेजारच्यांना बोलावतात. मनगटाचा पट्टा मात्र सक्तीचा करा. आमच्या टीव्हीला अजून काही झालेलं नाही, शोकेसमधल्या काचेच्या बदकाबद्दल असं म्हणता येणार नाही.

डावखुरा
रविवार, १८ जानेवारी २०२६, दुपारी १:४०

@वरणफळ, बोलिंगचं शंभर टक्के मान्य. आजी-आजोबांसाठी निंटेंडोच्या तोडीचं कोणी नाही.

पण निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतं ते बाहेरून आणलेलं. बिघडलं तर वॉरंटी म्हणजे मी. ऑनलाइन दुकानही भारताचं नाही. खातं दुसऱ्या देशाचं करून तिथली गिफ्ट कार्डं विकत घ्यायची, म्हणजे प्रत्येक गेमवर विनिमय दर आणि मधल्या दलालाचं कमिशन. कार्ट्रिज कुठल्याही देशाचं चालतं, तेवढं बरं. पण मारिओचे गेम जुने झाले तरी भाव सोडत नाहीत. माझ्याकडे २०१७ च्या मारिओ कार्टची कार्ट्रिज आली तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

बर्फाळ
रविवार, १८ जानेवारी २०२६, संध्याकाळी ७:३०

मी ब्रॅम्प्टनला असतो, तुमच्या दादांच्या शेजारच्याच गावात. आमचा उलटा संसार, बहीण आणि भाचे नाशिकला.

दादांशी खेळायला दादांचंच मशीन लागतं असं आता नाही. गेममध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरच्यांना एकत्र खेळायची सोय) आहे का तेवढं बघा. माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, स्विच, पीसी, अगदी फोनवरसुद्धा एकमेकांत चालते. स्प्लिट फिक्शन (इट टेक्स टू वाल्यांचाच, मार्च २०२५) एकाने विकत घ्यायचा, दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो, आणि एक जण एक्सबॉक्सवर व दुसरा पीएस ५ वर असला तरी जमतं. तुमच्या स्टारड्यूला मात्र क्रॉसप्ले नाही. दादांना तुमच्या शेतात राबवायचं असेल तर त्यांनाही लॅपटॉपच उघडावा लागेल.

फुटबॉल दादांशी खेळायचा नाद सोडा. मुंबई ते टोरोंटो सिग्नलला जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात. तुमच्या नवऱ्याने बटण दाबल्यावर बॉल हलेपर्यंत गोल झालेला असतो आणि मग साला-मेहुण्यात भांडणं. घरं बांधायचे, कोडी सोडवायचे गेम खुशाल खेळा, त्यात तेवढा उशीर जाणवत नाही.

वेळ सांगतो: तुमचे रविवारी सकाळचे आठ म्हणजे आमचे शनिवारी रात्रीचे साडेनऊ, मार्चपर्यंत. आमची घड्याळं पुढे सरकली की साडेदहा. आमच्याकडे तोपर्यंत भांडी आवरलेली असतात. आम्ही हीच वेळ धरलीय.

स्विच २ इथे ६३० डॉलर, वर १३ टक्के कर, म्हणजे सातशेच्या वर. रुपयांत सेहेचाळीस हजारांच्या आसपास. दादा आणणार असतील तर मारिओ कार्ट वर्ल्ड सोबत असलेला संच सांगा, वेगळा घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. पण सीमाशुल्काशिवाय किती आणता येतं ते येण्याआधी त्यांना तपासू दे. साखरपुड्याच्या भांड्यांसारखं दरवेळी प्रत्येकाच्या बॅगेत काहीतरी कोंबायची आपली सवय विमानतळावर महागात पडते.

निशिगंध
रविवार, १८ जानेवारी २०२६, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. @डावखुरा, तुमचा प्रतिसाद मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. झुरळांच्या परिच्छेदाशी साबांनी मालिकेचा आवाज बंद केला. आता आधी किचनमध्ये औषध मारून घ्यायचं ठरलंय, कन्सोल मग.

एक प्रश्न राहिला आणि तो अवघड आहे. जीटीए. या मालिकेचे मोठे भाग १८ वर्षांवरच्यांसाठी असतात हे मला माहीत आहे. माझा मुलगा नोव्हेंबरात १४ चा होईल. त्याच्या वर्गातले निम्मे पाचवा भाग खेळलेत, असं तो म्हणतो. सरळ नाही म्हटलं तर तो दुसऱ्याच्या घरी खेळेल. हो म्हटलं तर धाकटी मागे उभी राहून बघणार. तुम्ही लोक हे कसं हाताळता?

तर्कटराव
रविवार, १८ जानेवारी २०२६, रात्री १०:४१

नाही म्हणायचं. दुसऱ्याच्या घरी तो विडीही ओढेल, म्हणून आपण घरी विडी देत नाही.

डावखुरा
सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळी ८:५०

ताई, माझ्याही घरी १५ वर्षांचा आहे, तेव्हा दुकानदार म्हणून नाही, बाप म्हणून सांगतो.

मशीन आणल्या दिवशी, खोक्यातून बाहेर काढताना, खाती तुम्ही काढा. पोरांना काढू देऊ नका. पहिलं खातं तुमचं किंवा नवऱ्याचं, फॅमिली मॅनेजर म्हणून. मुलांची खाती त्याखाली, खऱ्या जन्मतारखेने. मग कुठल्या वयापर्यंतचे गेम उघडतील, रोज किती वेळ, दुकानातून किती रुपयांपर्यंत खरेदी, हे सगळं तुमच्या हातात. गेल्या सप्टेंबरपासून त्यासाठी फोनवर वेगळं ॲपही आहे, ऑफिसातून वेळ वाढवून देता येते. मोठ्यांच्या खात्यांना पासकोड लावा, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. पोरगं सरळ बाबांच्या खात्यातून आत शिरतं. आणि पासकोड लग्नाची तारीख ठेवू नका, तो पहिला प्रयत्न त्याचाच करतो.

मशीनवर कन्सोल शेअरिंग चालू ठेवलं की एकाच्या खात्यावरचे गेम आणि पीएस प्लस त्या मशीनवरच्या बाकी खात्यांनाही मिळतं. चौघांसाठी चार वर्गण्या भरू नका. हे न कळल्यामुळे दोन-दोन वर्गण्या भरणारी घरं मी पाहिलीत.

आता जीटीए. हा गेम कुठल्या मशीनवर येतोय यावरून मशीन ठरवू नका, कारण ज्याच्यासाठी घेताय त्याला तो अजून चार वर्षं खेळायचा नाही. तुमच्या नवऱ्याला हवा असेल तर नवऱ्याने घ्यावा, स्वतःच्या खात्यावर, धाकटी झोपल्यावर. आणि चिरंजीवांना हे आत्ता जानेवारीत सांगा. नोव्हेंबरात, खोकं घरात आल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात होतो. माझ्याकडे आम्ही असं ठरवलं की मोठा गेम आला की गाडी चालवायचा भाग त्याने माझ्या शेजारी बसून बघायचा, बाकी नाही. तो कुरकुरतो. कुरकुरू दे.

लाल_डबा
सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळी ९:१५

मी चिरंजीव नाही हे आता सिद्ध झालं असावं, मी शाळेत असतो तर आत्ता इथे नसतो. सॉरी ताई. पण डावखुरा काका, तुमच्या मुलाबद्दल सहानुभूती.

निशिगंध
सोमवार, १९ जानेवारी २०२६, रात्री ११:०८

ठरलं. पीएस ५, डिस्कवालं, सूट लागली की. सॅकबॉय पीएस ४ च्या डिस्कवर आणि ओव्हरकुक्ड. नवऱ्याच्या मित्राकडे पीएस ४ चे दोन रिमोट धूळ खात पडलेत, तो द्यायला तयार आहे. एकाची डावी दांडी आपोआप वर जाते म्हणतो.

धाकटी रुसली. तिला सांगितलंय की मामा उन्हाळ्यात आला तर स्विच २ बद्दल मामाशी परस्पर बोल, मला मध्ये घेऊ नकोस. तिने लगेच मामाला व्हॉइस मेसेज पाठवला, तो मी ऐकला नाही. साबांनी बोलिंगचं ऐकून विचारलं की त्यात खरा चेंडू फेकायचा नसतो ना. नसतो म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, पण विषय बदलला नाही, म्हणजे वरणफळ यांना पुढेमागे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा लागणार.

चिरंजीवांना नोव्हेंबरचं सांगितलं. आधी दार आपटलं. मग अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारलं, "हेलो किती वर्षांवरच्यांसाठी आहे?" मी म्हटलं, वय जाहीर झालं की दोघं मिळून बघू.

@डावखुरा, ती वर जाणारी दांडी दुरुस्त होते का, आणि किती पडतील?

डावखुरा
मंगळवार, २० जानेवारी २०२६, सकाळी ९:३०

होते. आधी दांडीच्या बुडाशी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून, गोल गोल फिरवून बघा, धूळच असेल तर तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर आतला पॉट (दांडी किती हलली ते मोजणारा भाग) झिजलाय, दांडीचं मॉड्यूल बदलावं लागेल. त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही, लॅमिंग्टन रोडला कुणीही करून देईल. फक्त मॉड्यूल हॉल इफेक्टवालं टाकायला सांगा, त्यात घासणारा भाग नसतो. आणि तुमच्यासमोर उघडायला लावा.